‘गो’ कोण म्हणणार?

‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर जानेवारी १९८८ मध्ये सुरू झालं आणि १६ एप्रिल २०२३ रोजी त्याचा शेवटचा, १३,९८१ वा प्रयोग झाला. मधल्या पस्तीस वर्षांत नट बदलले, वादक बदलले, दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स २०१९ मध्ये वारले. तरीही शेवटच्या महिन्यात तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला तेच नाटक पाहायला मिळालं. प्रसिद्ध झुंबर ठरल्या सुरावरच खाली आलं. हे ज्यांच्यामुळे घडतं ती माणसं प्रेक्षकाला दिसत नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक रंगभूमीवर शुभारंभाचा प्रयोग झाला की दिग्दर्शक बहुधा पुढच्या कामाला लागतो आणि नाटक स्टेज मॅनेजरच्या ताब्यात येतं. बदली नटाच्या तालमी घेणं, सैल पडत चाललेला प्रवेश पुन्हा जागेवर आणणं, रोजच्या प्रयोगाचा लेखी अहवाल पाठवणं, हे सगळं त्याच्याकडे किंवा तिच्याकडे असतं. तिकडे हे काम विद्यापीठात शिकवतात आणि त्याची रीतसर पदवी मिळते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये नाट्यशिक्षणाची पदवी १९१४ पासून आहे. विन्स्टन-सेलममधलं नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ द आर्ट्स, शिकागोचं डीपॉल, लंडनमधली गिल्डहॉल आणि राडा अशी इतरही मोठी नावं घेता येतील. एकांकिका स्पर्धांत बॅकस्टेज सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला ही पदवी घ्यावीशी वाटली, तर घरात चर्चा सुरू होते ती कॉलेजच्या नावावरून, मग फीवरून, मग रँकिंगवरून. या विषयापुरता हा क्रम बदलायला हवा, असं माझं म्हणणं आहे. पहिला प्रश्न असा असावा: पदवी हातात पडेपर्यंत किती नाटकांना ‘गो’ हा शब्द मी स्वतः म्हणणार आहे?

हा शब्द इतका महत्त्वाचा का, ते प्रयोग चालू असताना स्टेज मॅनेजरच्या टेबलापाशी काय चालतं ते पाहिल्यावर कळतं. हे टेबल विंगेत असतं किंवा प्रेक्षागृहाच्या मागच्या केबिनमध्ये. मंद निळ्या दिव्याखाली प्रॉम्प्ट बुक उघडं असतं. एका पानावर संहिता, शेजारच्या पानावर नटांच्या हालचालींची टिपणं. जिथे दिवे बदलायचे त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून ती समासापर्यंत ओढलेली असते आणि तिथे क्रमांक लिहिलेला असतो. पेन्सिल अशासाठी, की तांत्रिक तालमींत या जागा पुन्हा पुन्हा सरकतात. समजा, एका क्षणी दिवे मंदावायचे आहेत, त्याच वेळी गडगडाट ऐकू यायचा आहे आणि वरून एक पडदा उतरायचा आहे. थोडं आधी स्टेज मॅनेजर हेडसेटवर सांगतो, ‘स्टँडबाय लाइट ४२, साउंड ७, फ्लाय ३.’ तिन्ही ठिकाणांहून पोच येते. नट खिडकीकडे वळतो, वाक्य संपत आलेलं असतं, आणि हेडसेटवर ऐकू येतं, ‘लाइट ४२, साउंड ७, फ्लाय ३, गो.’ ऑपरेटरचा हात क्रमांकावर हलत नाही, ‘गो’वर हलतो. म्हणून हेडसेटवर तो शब्द एरवी, सहज बोलतानाही, उच्चारायचा नाही असा शिरस्ता आहे. शब्द उच्चारल्यापासून प्रत्यक्ष बदल दिसेपर्यंत ऑपरेटरच्या हाताला लागणारा वेळ आणि पडद्याच्या वजनाला लागणारा वेळ जातो. त्यामुळे ‘गो’ नेमक्या जागेच्या किंचित आधी यावा लागतो. किती आधी, ते पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. त्या रात्री नट वाक्य रेंगाळवतोय की घाईत उरकतोय, प्रेक्षागृहात हशा किती वेळ टिकतोय, यावर ते ठरतं.

आता पदवीच्या अभ्यासक्रमाकडे या नजरेने पाहा. प्रॉम्प्ट बुक कसं लावायचं, नेपथ्याचा आराखडा वाचून तालमीच्या जमिनीवर रंगीत टेपने त्याच मापाचा सेट कसा आखायचा, तालमीचं वेळापत्रक, अहवाल, संघटनेचे नियम, आग लागली किंवा नट जखमी झाला तर प्रयोग कसा थांबवायचा, हे वर्गात शिकवता येतं आणि चांगला शिक्षक ते वर्षभरात नीट शिकवू शकतो. संघटना म्हणजे ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन. १९१३ मध्ये स्थापन झालेली ही अमेरिकी संघटना नटांबरोबर स्टेज मॅनेजरचंही प्रतिनिधित्व करते, त्यामुळे विश्रांतीचे तास आणि जेवणाची सुट्टी यांवर लक्ष ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग होतो. पण उरलेला मोठा भाग, म्हणजे क्यू (‘गो’चा इशारा) देणं, चिडलेल्या प्रकाशयोजनाकाराला आणि घाबरलेल्या नटाला एकाच तालमीत सांभाळणं, दिग्दर्शकाला ‘वेळ संपली’ असं न दुखावता सांगणं, तो फक्त स्टेज मॅनेजरच्या खुर्चीत बसून येतो. वर्गाचा भाग बहुतेक प्रतिष्ठित ठिकाणी सारखाच असतो. ठिकाणाठिकाणांत खरा फरक पडतो तो खुर्ची कुणाला आणि किती वेळा मिळते यात.

हा हिशेब कुणालाही करता येतो. समजा, एका विभागात वर्षाला सहा मोठी नाटकं होतात आणि चारही वर्षांचे मिळून स्टेज मॅनेजमेंटचे वीस विद्यार्थी आहेत, म्हणजे दर तुकडीत पाच. खुर्च्या वर्षाला सहा, दरवर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी पाच. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला अख्ख्या पदवीत जेमतेम एकदा मुख्य स्टेज मॅनेजर होण्याची संधी येते; बाकी सगळा काळ सहायक म्हणून जातो. तेवढीच नाटकं करणाऱ्या, पण तुकडीत दोनच विद्यार्थी घेणाऱ्या विभागात हीच संधी तीनदा येते. माहितीपत्रकात दोन्ही विभाग ‘भरपूर प्रात्यक्षिक अनुभव’ असंच लिहितील. आकडे विचारल्याशिवाय फरक दिसणार नाही. ब्रिटनमधल्या संस्थेचा विचार करत असाल तर पदांची नावंही समजून घ्या. तिथे स्टेज मॅनेजर, डेप्युटी आणि असिस्टंट अशी उतरंड असते, आणि प्रयोगात क्यू देण्याचं काम बहुधा डेप्युटीकडे असतं. म्हणजे तिथल्या विद्यार्थ्याने ‘मी दोनदा डेप्युटी होतो’ म्हटलं तर तो कमीपणा मानू नये. ‘गो’ त्यानेच म्हटलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की नुसती संख्या काय कामाची? आक्षेप रास्त आहे. कॉलेजची नाटकं साधारणपणे एखाददुसऱ्या आठवडाअखेरीपुरती चालतात. चार-सहा प्रयोगांत नाटक सैल पडायला वेळच मिळत नाही, मग ते पुन्हा घट्ट कसं करायचं हे विद्यार्थी शिकणार कुठे? आणि ‘फँटम’च्या उदाहरणातून दिसतं ते हेच, की या कामाचा गाभा तोच आहे. म्हणून व्यावसायिक नाट्यसंस्थेला जोडलेल्या विभागांचं महत्त्व. येल विद्यापीठाच्या नाट्यविभागाचं स्वतःचं व्यावसायिक थिएटर आहे, येल रेपर्टरी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या आवारातच ला हॉया प्लेहाउस आहे. ‘जर्सी बॉइज’ ब्रॉडवेवर जाण्याआधी २००४ मध्ये तिथेच उभं राहिलं. सेंट लुइसच्या वेब्स्टर विद्यापीठाच्या आवारातल्या लॉरेटो-हिल्टन सेंटरमध्ये शहराची रेपर्टरी आणि ऑपेरा कंपनी वर्षानुवर्षं प्रयोग करत आल्या आहेत. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला आठवडेच्या आठवडे चालणारं नाटक आतून पाहता येतं. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागृहासमोर नट दमलेले असताना प्रयोगाची लय कशी टिकवतात, हे पाहायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पण याच मोठेपणात एक खाच आहे, आणि प्रवेश घेणारे तिथेच फसतात. व्यावसायिक संस्थेच्या नाटकात मुख्य खुर्चीवर संघटनेचा सभासद असलेला अनुभवी स्टेज मॅनेजर बसतो. विद्यार्थी त्याचा सहायक. मंच झाडणं, रंगसामग्री टेबलावर मांडणं, विंगेतल्या नटाच्या हातात वेळेवर पत्र देणं ही त्याची कामं. ती कमी दर्जाची मुळीच नाहीत, चांगला स्टेज मॅनेजर याच पायऱ्या चढून तयार होतो. मात्र चार वर्षं तेवढंच केलं तर मोठ्या थिएटरचं नाव बायोडेटावर येतं आणि क्यू देण्याची सवय येत नाही. म्हणून दोन्ही हवं: कॉलेजच्या नाटकांत मुख्य खुर्ची, आणि व्यावसायिक नाटकात सहायकपद. एकच मिळणार असेल तर पदवीपूर्व विद्यार्थ्याने खुर्ची घ्यावी, असं मला वाटतं. उमेदवारी पदवीनंतरही करता येते. चुकून उशिरा गेलेल्या क्यूची जबाबदारी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसायला लागणारा आत्मविश्वास मात्र कॉलेजच्या आसऱ्यातच कमी किमतीत मिळतो.

खुर्चीइतकंच महत्त्व कोणत्या प्रकारचे प्रयोग वाट्याला येतात याला आहे. सिनसिनाटीची कॉन्झर्व्हेटरी, नॉर्थ कॅरोलायनाची कलाशाळा, लंडनची गिल्डहॉल इथे नाटकाबरोबर ऑपेराही होतो. पहिल्या दोन ठिकाणी नृत्यही. गद्य नाटकात क्यू शब्दावर टांगलेला असतो. ऑपेरात तो स्वरलिपीच्या मात्रांवर असतो. प्रॉम्प्ट बुकच्या जागी समोर संगीताची पानं असतात आणि एका मॉनिटरवर वाद्यवृंद संचालकाचा हात दिसत असतो. नृत्यात शब्द नसतोच, शरीर कुठल्या हालचालीवर आहे ते पाहून ‘गो’ म्हणायचं. ज्याला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येते त्याला कामाची दारं दुपटीने उघडतात. मराठी घरातल्या मुलांना तबल्याचे ठेके, सम-काल कानाने कळतात. मात्रा मोजायची सवय असते. कागदावरची स्वरलिपी वाचायला त्यांनी अर्ज करण्याआधीच सुरुवात करावी. महिनोन्‌महिने लागतात, पण पुढे उपयोग होतो. ज्या विभागात फक्त गद्य नाटकंच होतात तो वाईट ठरत नाही. तिथून बाहेर पडणाऱ्याचं क्षेत्र मात्र अरुंद राहतं, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो मनापासून घेतला जातो: यासाठी पदवी कशाला? मराठी व्यावसायिक नाटक दीड शतकाहून अधिक काळ पदवीशिवाय चाललंय. टेम्पोतून उतरवलेला सेट काही तासांत उभा करून, तिसरी घंटा वेळेवर देऊन, रात्री तोच सेट बांधून दुसऱ्या गावाला निघणारी बॅकस्टेजची मंडळी जगातल्या कोणत्याही रंगमंचावर आदराला पात्र आहेत. त्यांचं कौशल्य मी कमी लेखत नाही. पण आपल्या पद्धतीत क्यू एका माणसाच्या तोंडून येत नाहीत. प्रकाश चालवणारा वाक्य ओळखून दिवे बदलतो, पार्श्वसंगीत चालवणारा त्याच्या अंदाजाने आवाज सोडतो, विंगेतला माणूस डोळ्यांनी पाहून पडदा ओढतो. दोन अंकांच्या, एका दिवाणखान्यात घडणाऱ्या नाटकाला ही पद्धत उत्तम पुरते. मंचाचे भाग मोटरने सरकू लागले, नट तारेवर उडू लागले की ती पुरत नाही. २० डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’च्या प्रयोगात सुरक्षेचा दोर अडकवायचा राहून गेल्यामुळे एक कलाकार सुमारे तीस फुटांवरून खाली कोसळला. त्यानंतर ठरवलेल्या पद्धतीत दोर अडकवणारा एक आणि तो अडकला आहे हे तपासून स्टेज मॅनेजरला तोंडी कळवणारा दुसरा, अशी दोन माणसं आली. सुरक्षेची साखळी त्या टेबलापाशी येऊन मिळते. तिथे बसणाऱ्याला पद्धतशीर शिक्षण असावं, अशी अपेक्षा ठेवण्यात अवाजवी काही नाही. आणि ही गरज आता फक्त न्यूयॉर्कची राहिलेली नाही. मुंबईत २०१६ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ भव्य रूपात मंचावर आलं; नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात २०२३ मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं, २०२५ मध्ये खुद्द ‘फँटम’ आलं. अशा नाटकांना स्थानिक सहायक लागतात, आणि हेडसेटची भाषा येणारी माणसं लागतात.

तिसरा आक्षेप पालकांचा: अठराव्या वर्षी इतकी अरुंद पदवी घ्यायची का? अमेरिकेत बीएफए आणि बीए असे दोन मार्ग आहेत. बीएफएमध्ये अभ्यासाचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्या कलेचा असतो. बीएमध्ये नाट्यविषय एक-तृतीयांशाच्या आसपास आणि उरलेला वेळ इतिहास, साहित्य, मानसशास्त्र, हवं तर हिशेबशास्त्र. बीए म्हणजे दुय्यम, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. लहान कॉलेजच्या बीएमध्ये स्टेज मॅनेजमेंट करू इच्छिणारे तीन-चारच विद्यार्थी असतील, तर पहिल्याच वर्षी खुर्ची मिळण्याची शक्यता असते. मोठ्या बीएफएमध्ये तिची तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागू शकते. शिवाय पस्तीस स्वभावांच्या माणसांना एका वेळापत्रकात बांधणाऱ्याला साहित्य आणि मानसशास्त्र निरुपयोगी ठरणार नाही. बीएमधली उणीव वेगळीच: तिथे स्टेज मॅनेजमेंट शिकवणारा स्वतः व्यवसायात काम करणारा शिक्षक बहुधा नसतो, दिग्दर्शन किंवा नेपथ्य शिकवणाराच ते सांभाळतो. चुकीचा क्यू का चुकला हे सांगणारं कुणी मागे उभं नसेल, तर दहा नाटकं करूनही तीच चूक दहा वेळा होते. म्हणून खुर्चीच्या प्रश्नाला जोडूनच विचारायचं, की त्या खुर्चीमागे कोण उभं असतं आणि त्याने स्वतः शेवटचं नाटक कधी चालवलं.

पैशाचा मुद्दा मराठी घरासाठी टाळता येण्याजोगा नाही. अमेरिकेतली चार वर्षांची पदवीपूर्व फी परदेशी विद्यार्थ्याला बहुधा पूर्ण भरावी लागते. शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामासाठी विद्यार्थी व्हिसावर साधारण बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी वाढीव मुदत नाट्यपदव्यांना सहसा मिळत नाही. स्टेज मॅनेजरचं काम कंत्राटावर चालतं, त्यामुळे एवढ्या काळात कर्ज फिटेल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. पदव्युत्तर एमएफएचं गणित मात्र निराळं. डेव्हिड गेफेन फाउंडेशनने २०२१ मध्ये १५ कोटी डॉलरची देणगी दिल्यावर येलच्या नाट्यविभागाने पूर्णवेळ विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ केली. इतर काही विद्यापीठांत एमएफएच्या विद्यार्थ्यांना सहायक म्हणून काम देऊन फी कमी करतात. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक इच्छुकांना माझा सल्ला असा: पदवी आणि सुरुवातीचं नाट्यशिक्षण इथेच घ्या. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, पुण्यात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, गोव्यात कला अकादमी आहे. या ठिकाणी अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य केंद्रस्थानी असतात, म्हणून स्टेज मॅनेजमेंटची बाजू स्वतः उभी करावी लागेल. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची पदवी घेत असाल तरी अडत नाही. दोन-तीन वर्षं प्रायोगिक आणि व्यावसायिक नाटकांत काम करा, प्रत्येक नाटकाचं नीट प्रॉम्प्ट बुक ठेवा, प्रयोगाचा अहवाल त्याच रात्री लिहायची सवय लावा. नंतर ज्या एमएफएत शिकवणी फी माफ आहे किंवा फीची सोय होते, त्याच ठिकाणी अर्ज करा. यात वय वाढतं, हे खरं. पण माणसं सांभाळण्याच्या या कामात पंचविशीचा विद्यार्थी अठराव्या वर्षीच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त शिकतो. शिवाय मुलाखतीत ते कागद पाहतात: टेपने आखलेल्या जागेचा आराखडा, तालमीचा अहवाल, प्रॉम्प्ट बुकची दोन-चार पानं. मराठी नाटकाचं असलं तरी चालतं. इंग्रजीत एक ओळीचं स्पष्टीकरण जोडा आणि पानं स्वच्छ ठेवा.

अर्जाची फी भरण्याआधी विभागाला एक ईमेल पाठवा. गेल्या दोन वर्षांत कोणकोणती नाटकं झाली, प्रत्येकाचे किती प्रयोग झाले, मुख्य खुर्चीवर कितव्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि स्टेज मॅनेजमेंटचे एकूण विद्यार्थी किती, एवढंच विचारा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलू द्या म्हणून सांगा, आणि त्याला विचारा की त्याने ‘गो’ पहिल्यांदा कितव्या वर्षी म्हटला. चांगला विभाग ही माहिती आनंदाने देतो, कारण ती त्याच्या अभिमानाची असते. जो विभाग उत्तराऐवजी पुन्हा माहितीपत्रकच पाठवेल, त्याचं नाव कितीही मोठं असलं तरी तो यादीतून काढून टाका.